कोल्हापूरच्या जुन्या गावात, वाड्याच्या थाटाच्या हॉटेलात उतरताना

कोल्हापूरला पहिल्यांदा येणारे बरेच पाहुणे स्टेशनच्या अंगाला नाहीतर हायवेजवळ उतरतात. रिक्षानं अंबाबाईच्या देवळात यायचं, दर्शन, चप्पल, तांबडा-पांढरा रस्सा, की परत. त्यात वाईट काही नाही. पण महाद्वार, भवानी मंडप, गुजरी, गंगावेश हे जे जुनं गाव आहे, ते भर दुपारी बघण्यासारखं नसतं. तेव्हा तिथं ऊन, गर्दी आणि हॉर्न. गाव बघायचं ते पहाटे, नाहीतर रात्री दुकानांची शटरं पडायला लागल्यावर. या दोन्ही वेळा साधायच्या तर मुक्काम गावातच हवा, आणि मधल्या वेळात पाय पसरून पडायला गार, शांत जागा हवी. वाड्याच्या थाटाच्या हॉटेलला जादा पैसे मोजायचे ते या दुपारसाठी. झुंबर, कमानी आणि फेटेवाला दरबान हा वरचा मसाला. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आधी तारीख, मग हॉटेल

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा या दिवशी अंबाबाईला गर्दी ठरलेली. सोमवार-बुधवार-गुरुवार धरलात तर खोलीही स्वस्त मिळते आणि रांगही छोटी. फक्त टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

नवरात्रात येणार असाल तर बुकिंग दोन-तीन महिने आधी करा, आणि हॉटेलला एकच प्रश्न विचारा: "त्या दिवसांत गाडी दारापर्यंत येते का?" बहुतेक वेळा येत नाही. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा तर रस्ता माणसांचाच. ज्यांना हे बघायचंय त्यांनी त्यासाठीच यावं. ज्यांना झोपायचंय त्यांनी त्या आठवड्यात येऊ नये.

किरणोत्सव वर्षातून दोनदा: 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. आभाळ आलं किंवा हवेत धूर-धूळ असली तर किरणं मध्येच विरतात, तेव्हा एकाच दिवसाच्या भरवशावर येऊ नका. दोन रात्री तरी ठेवा.

गणेश विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडवरून जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. रस्त्याकडेची खोली घेतलीत तर खिडकीची तावदानं थरथरतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हा गावातल्या खोल्या गुलालानं माखलेल्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. आणि रंग खेळायला यायचं असेल तर धुळवडीला येऊन उपयोग नाही, कोल्हापूर रंगपंचमीला खेळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बघायला जरूर या, पण निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघा. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. देवळाचा भाग उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही. अडचण होते ती येण्या-जाण्याच्या रस्त्याची. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन वाहतूक काही दिवस बंद पडली होती. त्यामुळे पावसाळ्यात पैसे परत मिळणारंच बुकिंग घ्या, चारशे रुपये जास्त पडले तरी चालतील.

'हेरिटेज' म्हणजे नक्की काय, ते फोनवर विचारा

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेल म्हणजे 1950 च्या आधी बांधलेला राजवाडा, किल्ला, हवेली किंवा राहतं घर, जिथं आता हॉटेल चालतं. पाटीवर 'हेरिटेज', 'पॅलेस' किंवा 'वाडा' लिहायला मात्र कुणाचीच आडकाठी नाही. म्हणून सरळ विचारावं: इमारत कधीची? मूळ काय होतं? किती भाग जुना आहे?

या बाबतीत जुन्या प्रवासलेखांवर विसंबू नका. रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस 1930 च्या दशकात बांधला, 1987 मध्ये तिथं हॉटेल सुरू झालं, आणि अजून कितीतरी याद्यांत कोल्हापूरचं राजेशाही हॉटेल म्हणून त्याचंच नाव असतं. मधली बरीच वर्षं ते बंद होतं. तेव्हा कुठल्याही जुन्या नावासाठी आधी फोन, मग पैसे.

प्रत्यक्ष गेल्यावर ओळखायची एक युक्ती. लॉबीतल्या त्या भल्यामोठ्या 'सागवानी' खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करा. सागवान घट्ट, बसका आवाज देतो आणि हाताला किंचित कोमट लागतो. वर रंग मारलेलं प्लायवूड किंवा फायबर पोकळ वाजतं. मग खांबाच्या तळाकडे बघा. जुन्या बांधकामात लाकडी खांब थेट फरशीवर उभा नसतो, खाली घडीव दगडाची बैठक असते, ओल चढू नये म्हणून. ती बैठक वापरानं गुळगुळीत झालेली असते आणि तिच्या कडा कुठंतरी उडालेल्या असतात. नव्या बांधकामात ती सगळीकडे सारखी आणि कोरी असते. वर मान केली की तुळया आणि तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत) दिसते का, की पीओपीवर लाकडाचा रंग आहे, तेही कळतं. रिसेप्शनवरची मुलं हसतील. हसू दे.

आता माझं स्पष्ट मत. पहिल्यांदा येत असाल, सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील, तर खऱ्या जुन्या वाड्यापेक्षा वाड्याच्या थाटात नव्यानं बांधलेलं हॉटेल बरं. लिफ्ट असते, बाथरूम ऐसपैस असतं, गरम पाण्याची बोंब नसते. खऱ्या वाड्यात जिने उभे आणि अरुंद, पायऱ्या उंच, चौकटी बुटक्या. रात्री अंधारात उंबऱ्याला ठेच लागते आणि कपाळ वरच्या चौकटीला. ज्यांना चौकातला उजेड, जाड भिंतींचा गारवा आणि झोपाळ्याची करकर यांची हौस आहे त्यांनी जरूर खरा वाडा शोधावा. पण ती हौस घरातल्या सगळ्यांना आहे का, हे आधी विचारून घ्या.

जागा: नकाशावर नव्हे, पायानं मोजा

'मंदिरापासून पाच मिनिटं' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. ती पाच मिनिटं गाडीची की पायाची, ते विचारा. देवळाला चार बाजूंनी दरवाजे: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, दक्षिणेला विद्यापीठ हायस्कूलच्या बाजूचा, आणि पूर्वेचा. हॉटेल यांपैकी कुठल्या दरवाजाला जवळ आहे ते कळलं की तुमचा शेजार कळतो. महाद्वाराच्या बाजूला बाजार आणि आवाज. पूर्वेला भवानी मंडप आणि जुना राजवाडा, तिथून खासबाग मैदान आणि पुढं मंगळवार पेठ. पश्चिमेला ताराबाई रोडनं सरळ गेलं की रंकाळा. मला विचाराल तर भवानी मंडप ते बिंदू चौक हा पट्टा नवख्या माणसाला सगळ्यात सोयीचा. रस्ते त्यातल्या त्यात रुंद, रिक्षा लगेच मिळते, आणि बिंदू चौकात पैसे भरून गाडी लावायची सोयही आहे.

गाडीनं येणार असाल तर पार्किंग हॉटेलच्या आवारात आहे की 'समोर लावा, कोण काही बोलत नाही' या प्रकारचं आहे, हे खोदून विचारा. गुजरी, जोतिबा रोड, पापाची तिकटी या भागात मोठी गाडी घातलीत तर मागं घेताना घाम फुटतो. गाडी एकदा लावली की निघेपर्यंत हात लावू नका. जुन्या गावात चालायचं, लांब जायचं तर रिक्षा.

दर आणि बिल

सध्याच्या जीएसटीत एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, आणि त्याच्या वर गेलं की 18 टक्के. ही पायरी फार उंच आहे. 7,500 ची खोली करासह 7,875 ला पडते, आणि 7,600 ची खोली 8,968 ला. शंभर रुपयांच्या फरकासाठी हजाराच्या वर! म्हणून 7,600-7,800 सांगत असतील तर थेट हॉटेलात फोन करून "साडेसातच्या आत बसवा की" असं म्हणायला अजिबात लाजू नका. जादा गादीचे पैसेही भाड्यात धरले जातात, त्यानं आकडा वर जातो. ज्या हॉटेलात गेल्या आर्थिक वर्षात खोलीचं भाडं 7,500 च्या वर गेलेलं आहे, तिथं रेस्टॉरंटच्या बिलावरही 18 टक्के लागतात, बाहेरच्या खानावळीत 5. बिल बघून दचकायला नको म्हणून सांगितलं.

रिसेप्शनवर ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं फेकतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे सकाळचा नाश्ता धरून. एमएपीमध्ये नाश्ता आणि एक जेवण, एपीमध्ये तिन्ही. कोल्हापुरात सीपीच्या पुढं जाऊ नका. हॉटेलात दोन वेळचं जेवण आधीच विकत घेऊन ठेवायचं आणि बाहेर रश्श्याचा वास घेत फिरायचं, याला काही अर्थ नाही.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगता येतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना तशाच आहेत आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. आवाज न चढवता सांगायचं, काढतात.

पोचल्यावर

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणारे सकाळी स्टेशनवर उतरतात आणि चेक-इन दुपारी असतं, बहुधा 12 किंवा 2 ला. हे मधले तास पाहुण्यांना सगळ्यात जास्त छळतात. उपाय दोन. एक, आदल्या दिवशी फोन करून लवकर खोली मिळेल का विचारा. रिकामी असेल तर देतात, कधी अर्धं भाडं मागतात. दोन, बॅगा रिसेप्शनला टाका, तिथंच तोंड धुऊन कपडे बदला आणि आधी मिसळ खाऊन या. मी दुसऱ्याच्या बाजूचा.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधार, वाहन परवाना, मतदार कार्ड, पासपोर्ट यांतलं काहीही. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आधार द्यायचंच तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा. अमेरिका-इंग्लंडहून आलेले नातेवाईक सोबत असतील आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर हॉटेलला 24 तासांच्या आत त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवावी लागते. म्हणून पासपोर्ट-व्हिसाची प्रत मागतात, संशय म्हणून नाही.

आणखी एक गोम. आधारवर पत्ता कोल्हापूरचाच असेल तर 'लोकल आयडी चालत नाही' म्हणून खोली नाकारणारी हॉटेलं आहेत. नोकरीनिमित्त पुण्याला असलेल्या, पण कागदोपत्री अजून कोल्हापूरच्याच माणसाला हे भलतं जिव्हारी लागतं. लग्न न झालेल्या जोडप्यांबाबतही तेच: असा कायदा नाही, हॉटेलांचे आपापले नियम आहेत. दोन्ही गोष्टी फोनवर आधी विचारून टाका, काउंटरवर उभं राहून वाद नको.

खोली बघितल्याशिवाय सही करू नका

"जरा खोली दाखवता का?" हे विचारणं अगदी रीतीचं आहे, चार हजारांच्या हॉटेलातही आणि चौदा हजारांच्याही. आत गेल्यावर छत्री लावलेल्या पलंगाकडे आधी बघू नका. खिडकी उघडा आणि मिनिटभर नुसतं ऐका. रस्त्याकडची खोली फोटोत छान दिसते, पण पहाटेपासून देवळाची घंटा, भोंगे, दुधाच्या किटल्या आणि नंतर दुकानांची शटरं, सगळं कानाशी येतं. आतल्या चौकाकडची खोली कमी उजेडाची असली तरी झोपेला सोन्यासारखी. पैसे सारखेच असतील तर आतली घ्या.

मग नळ. गरम पाणी सोलरचं आहे की गिझरचं? सोलर असेल तर सकाळी नऊनंतर कोमट आणि पावसाळ्यात देवाच्या भरवशावर. लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा, हेही विचारा. जुन्या भिंती जाड असतात, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात मोबाईलची रेंज आणि वायफाय दोन्ही लंगडतात. घरून काम करणाऱ्यांनी तिथंच बसून एक कॉल लावून बघावा.

दिवस कसा लावायचा

पहाटे उठा. हे जमणार नसेल तर जुन्या गावात उतरण्याचे पैसे वाया. काकड आरतीच्या सुमारास देवळात पोचलात तर काळ्या दगडाच्या त्या मंडपात माणसं मोजकी असतात, फरशी पायाला गार लागते, आणि खांबांवरचं कोरीव काम धक्का न खाता बघता येतं. कपडे अंगभर घाला. चपला हॉटेलातच काढून अनवाणी येणारेही बरेच असतात, अंतर तेवढंच आहे.

तिथून भवानी मंडपातून बाहेर पडा आणि खासबागेकडे वळा. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्ती मैदान 1912 साली खुलं झालं. मधला कुस्तीचा हौद खोलात आणि भोवतीनं चढत गेलेल्या पायऱ्या, त्यामुळे कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं. आजही त्या बाजूनं जाताना जुनी माणसं आपसूक थांबतात. पुढं तालमींच्या बाजूला गेलात तर पहाटेची मेहनत चालू असते. दारातून बघायला कुणी ना म्हणत नाही, पण मोबाईल काढण्याआधी वस्तादांना विचारा.

नऊ-दहाला परत या, आंघोळ, नाश्ता. बाराच्या आत टाऊन हॉल उरकता येईल. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. रोमन जगाशी दोन हजार वर्षांपूर्वीचा आपला व्यवहार त्या वीतभर मूर्तीत दिसतो. काळ्या दगडाचा नवा राजवाडाही त्याच अंगाला, थोडा पुढं. 1884 मध्ये पुरा झालेला, चार्ल्स मँटच्या आराखड्याचा. त्याला दोन तास लागतात, म्हणून तो दुसऱ्या सकाळसाठी ठेवा.

बारा ते पाच हॉटेल सोडू नका. पडदे ओढा, झोपा, चौकात बसून चहा मागवा, काहीही करा. याचेच पैसे दिलेत.

संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या असतात. गवळी समोरच धार काढतो, ग्लासात वरपर्यंत फेस येतो, आणि ते कोमट दूध उभ्या उभ्या प्यायचं असतं. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी नुसतं बघावं, उगाच मर्दुमकी नको. पुढं पंचगंगेचा घाट आहे, नाहीतर उलट्या बाजूला रंकाळा. शुक्रवार असेल तर रात्री देवळात देवीची पालखी निघते, ती चुकवू नका.

जेवण

हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये 'रॉयल कोल्हापुरी थाळी' मिळते. ताट चांदीसारखं, रस्सा पाहुण्यांच्या बेतानं सौम्य केलेला. एकदा खायला हरकत नाही. पण खरं जेवण पेठेतल्या खानावळीत. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा-लिंबू, आणि रस्सा वाढणारा माणूस 'बास' म्हटल्यावरही अर्धी वाटी ओततोच. पांढरा रस्सा आधी घोट-घोट प्या, तोंडाला तिखटाची सवय व्हायला वेळ मिळतो. हॉटेलच्या मॅनेजरला "चांगलं कुठं मिळेल?" असं विचारू नका, तो आपलंच रेस्टॉरंट दाखवणार. हाउसकीपिंगच्या मावशींना किंवा गेटवरच्या दादांना विचारा, "तुम्ही घरच्यांना कुठं नेता?" उत्तर पक्कं मिळतं.

मिसळ सकाळी दहाच्या आत. इथं पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देतात आणि वरून कट, म्हणजे तिखट रस्सा, लागेल तेवढा. रात्री खासबागेजवळची भेळ.

माणसं, टिप आणि निघताना

कोल्हापुरात बोलणं मोठ्या आवाजात आणि सरळ असतं. "काय पाहिजे बोला" म्हणाले तर ते चिडलेले नाहीत. वेटरला चुटकी वाजवून किंवा 'ए' म्हणून बोलावू नका. "दादा", "मावशी", "काका" म्हटलं की काम पटकन होतं आणि दुसरा चहा न मागता येतो. टिप सक्तीची नाही. बॅगा वर नेणाऱ्याला पन्नास आणि खोली आवरणाऱ्या मावशींना निघताना शंभर-दोनशे हातात दिले तर पोचतात, पेटीत टाकलेले कुणाला मिळतात ते देव जाणे.

बिल आदल्या रात्रीच मागवून ठेवा. मिनीबारमधलं पाणी आणि न मागवलेली धुलाई यांच्या ओळी तिथं शिरलेल्या सापडतात. सकाळी गडबडीत त्या दिसत नाहीत. आगाऊ घेतलेलं डिपॉझिट रोखीनं दिलं असेल तर तिथंच परत घ्या. कार्डावर अडवलेलं असेल तर ते सुटायला काही दिवस लागतात, तशी पावती मागा.

चेक-आउट सकाळी 11-12 ला आणि महालक्ष्मी रात्री सुटते. बॅगा हॉटेलातच ठेवून मधला वेळ खरेदीला वापरा. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत घासाघीस चालते, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना बघायला मिळतो. नवी कोल्हापुरी पायात घालून हॉटेलच्या संगमरवरी लॉबीतून चाललात तर करकर सगळ्यांना ऐकू जाईल, त्याची लाज वाटू देऊ नका. मात्र बाथरूममध्ये ती घालून जाऊ नका. चामडं भिजलं की तळवा फुगतो आणि शिवण सुटते. बॅगेत ठेवताना एकेक चप्पल कागदात गुंडाळा. नव्या चामड्याला तेल असतं, ते कपड्यांना लागलं की निघत नाही.